एस्नातचा नवरा

वाल्डॉर्फ, २ डिसेंबर

नंदिनी,

शनिवारच्या बाजाराचं तुला फोनवर सांगितलं ते अर्धंच होतं. उरलेलं लिहून कळवते, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. लगेच ‘ताई, तू ग्रेट आहेस’ सुरू करतेस.

चर्चच्या हॉलमध्ये यंदा आपला स्टँड दाराशीच होता. साबुदाणेवडे साडेबाराला संपले. इथले लोक ते बटाट्याचे समजून खातात, मी आता सांगतही नाही. तीन वाजता नेहमीसारखा माझ्या हातात माइक आला आणि मी मलावीच्या आपल्या एस्नातचं सप्टेंबरचं पत्र वाचलं. तेच, ज्यात ती लिहिते की नवरा गेल्यावर सासूने तिचं पुढच्या दाराने येणं बंद केलं आणि चारचौघांत म्हणाली, ‘माझ्या मुलाला तू लांब नेऊन मारलंस.’ देणगीची पेटी भरली. दोन मुलींनी मलावीला स्वयंसेवक म्हणून जायच्या फॉर्मवर नावं लिहिली. म्हणजे आपल्या फेराइनला, आपल्या या संस्थेला, जे हवं ते सगळं मिळालं.

आवराआवर करताना एक बाई आली. तमांडा नाव. विस्लोखला वृद्धाश्रमात नर्स आहे. म्हणाली, “मी मलावीचीच. तुमचं हे गाव कुठे?”

मी म्हटलं, “चिकोम्बे. डेड्झाच्या पुढे.”

“मग ही सासू कुठून आली?”

मला वाटलं माझं जर्मन चुकलं. मी समजावायला लागले, “सासू म्हणजे नवऱ्याची आई.”

ती इतकी हसली की शेजारच्या मेणबत्त्यांच्या स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. “आल्झो, सासू मला माहीत आहे हो. पण आमच्या त्या भागात लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. घर बायकोचं, शेत बायकोचं. सासू चार गावं पलीकडे आपल्या घरी. ती कुठलं दार बंद करणार? तिचं तिथे दारच नाही.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “हे तुमच्याच गावच्या बाईचं पत्र असेल.” ती चेष्टेने म्हणाली.

मी दहावी झालेली बाई. जे काही समजतं ते या गावच्या लायब्ररीत पंधरा वर्षं बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन समजलेलं. तेव्हा मी कोणाशी वाद घालत नाही. एखादं घर वेगळं असेलही. तू एवढंच कर, एस्नातच्या हातचं मूळ पत्र स्कॅन करून पाठव. मला तिची भाषा वाचता येत नाही, मी अक्षर बघेन फक्त. तीन वर्षं तू मराठी करून पाठवतेस ते वाचते आहे, तिचं अक्षर एकदाही पाहिलं नाही, हे मला शनिवारपर्यंत सुचलंच नव्हतं.

कुसुमताई


वाल्डॉर्फ, १९ डिसेंबर

नंदिनी,

पत्र मागितलं तर तू फोटो पाठवलास. एस्नात आपण पैसे जमवलेल्या गिरणीसमोर उभी, हाताला पीठ. हा फोटो माझ्या फ्रीजवर वर्षभर आहे.

मी उर्जाला विचारलं. उर्जाला तरी मीच तिकडे पाठवली आहे. रेगेन्सबर्गला मास्टर्स करणारी, कधी गाव न पाहिलेली पोर. तिच्या आईने नाशिकहून मला फोनवर झापलं होतं, ‘तुमची स्वतःची मुलगी पाठवा ना आफ्रिकेला!’ मी त्या माउलीला एस्नातचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती विरघळली. आठवतं? तूच म्हणाली होतीस, वाचून दाखव.

मी उर्जाला एवढंच लिहिलं: एस्नातचा नवरा कधी गेला, कशाने गेला? तिचा व्हॉइस मेसेज आला. तो जसा आहे तसा उतरवते.

“काकू? एस्नातचा नवरा? लायसन? तो कुठे जाईल, आत्ता माझ्यासमोर बसलाय. माझी सायकल पंक्चर झाली ना, तेच काढतोय. का हो, काय झालं?”

मी तो तीन वेळा ऐकला. मागे पंपाचा आवाज आहे, फुस्स फुस्स. एक पुरुष हसतोय.

सर्वपित्रीला मी ह्यांच्या नावाचं पान वाढते ते तू पाहिलंस. तीन वर्षं त्या पानाशेजारी मी एक छोटं पान एस्नातच्या नवऱ्याच्या नावाने ठेवत होते. परक्या देशातला माणूस, त्याच्याकडे कोणी करत असेल नसेल, म्हणून. भात, वरण, एक वडा. दोन वर्षांपूर्वी तू त्या दिवशी इथेच जेवायला होतीस. तू विचारलंस, ‘हे दुसरं पान कोणाचं?’ मी सांगितलं. तू खाली मान घालून जेवलीस आणि खीर मागून घेतलीस.

जिवंत माणसाचं पान ठेवायला लावलंस मला. मी फार कर्मकांडातली नाही, तुला माहीत आहे. पण आपल्याकडे शत्रूच्या बाबतीतही असं करत नाहीत.

अन्वीला सांगितलं. लेक नेहमीप्रमाणे जर्मनमध्येच बोलली, एकच शब्द: “बेट्रूग.” फसवणूक. आणि उठून तिच्या खोलीत गेली.

तुझ्याकडून काय ऐकायचं आहे ते मला ठरवता येत नाही. पण ऐकायचं आहे.

कुसुम


वाल्डॉर्फ, ११ जानेवारी

नंदिनी,

सहा तारखेला तू बॉनहून आलीस, रजा काढून, हे खरं. चार तास प्रवास करून आलीस. मी तुला चहा दिला नाही. ते मला नंतर लागलं, पण तेव्हा सुचलं नाही.

तू गेल्यावर आपलं बोलणं मी लिहून काढलं, कारण मला ते दर वेळी वेगळं आठवायला लागलं होतं.

तू म्हणालीस, “पहिलं पत्र तुझ्यासाठी होतं, ताई. पद्माकरदादा गेल्यावर सहा महिने तू पलंगावरून उठत नव्हतीस. मी फोन केला की ‘हं’ म्हणायचीस. माझं काही तुला ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, लांबची एखादी बाई बोलली तर ऐकशील.”

मी विचारलं, “मग दुसरं?”

मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणालीस, “तू ते पहिलं पत्र भिशीत वाचलंस. त्या एका संध्याकाळी गिरणीचा अर्धा खर्च निघाला. त्याआधी मी दोन वर्षं नकाशे आणि तक्ते घेऊन हिंडत होते. लोक गिरणीला पैसे देत नाहीत ताई, विधवेला देतात.”

“आणि तिचा नवरा?”

“त्या बिचाऱ्याला कोण ओळखतंय इथे?”

हे तू पटकन बोलून गेलीस. मग रडलीस.

पैशाचा काडीचाही गैरवापर झाला नाही हे तू सांगायची गरज नव्हती. गिरणी आहे, चालते आहे, बायकांची दळणासाठी अर्ध्या दिवसाची पायपीट वाचली, हे उर्जाही सांगते. मी त्यावर तुला काही म्हणत नाही.

मी म्हणते ते वेगळं आहे. ह्यांच्या शेवटच्या दिवसाबद्दल मी फक्त तुला सांगितलं होतं. सकाळी ह्यांनी छातीत जळजळतं म्हटलं, मी ओवा चावायला दिला आणि लायब्ररीत गेले, कारण पुस्तक परत करायची तारीख होती. साडेअकराला आले तेव्हा हे खुर्चीत होते. पुण्याला दिवस केले तेव्हा सासूबाई सगळ्यांदेखत जे बोलल्या, तेही तुलाच सांगितलं. अन्वीलासुद्धा नाही.

आणि पाचव्या पत्रात एस्नातने लिहिलं, “मी त्या दिवशी नदीवर गेले होते. पोट दुखतं म्हणाला होता, मी झाडपाला दिला आणि गेले. बहिणी, मी खूप वर्षं स्वतःला दोष दिला. आता देत नाही. तूही देऊ नकोस.”

ते पत्र वाचलं त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले. जगाच्या त्या टोकाला अगदी तशीच एक बाई आहे असं वाटलं. मी तिला माफ केलं आणि तिने मला. आता कळतं, तिथे कोणी नव्हतं. माझंच बोलणं तू धुऊन, घडी घालून मला परत दिलं होतंस. मला कोणीच माफ केलेलं नाही.

‘लांब नेऊन मारलंस’ हे सासूबाईंचं वाक्य तर तू बदललंही नाहीस. तेच मी माइकवर, जर्मनमध्ये, हॉलभर लोकांसमोर वाचत होते. मी स्वतः ते ओळखलं नाही. कसं ओळखलं नाही, याचंही मला नवल वाटतं.

आता तुझ्या मागण्याबद्दल. बावीस फेब्रुवारीला बॉनला फेराइनची वार्षिक सभा आहे. बाळंतिणींच्या खोलीचा ठराव आहे. दवाखान्याला लागून खोली, म्हणजे दिवस भरलेल्या बायकांनी आठ दिवस आधीच तिथे येऊन राहायचं, पावसात नऊ महिन्यांचं पोट घेऊन चौदा किलोमीटर चालायचं नाही. मागच्या पावसाळ्यात दोघी वाटेतच बाळंत झाल्या, त्यातलं एक मूल राहिलं नाही. हे तू मला पुन्हा पुन्हा सांगितलंस. सभासदांना पत्रांचं कळलं तर ठराव बारगळेल, बाजारात नावं दिलेल्या मुली मागे फिरतील, खोली होणार नाही. “तू फक्त गप्प बस, ताई. खोली होऊ दे. मग मी स्वतः सगळ्यांना सांगेन.”

खरंच सांगशील का, हे मी विचारलं नाही. विचारून उपयोग होईल असं आता राहिलं नाही, हीच तर गोष्ट आहे.

मी अजून काही ठरवलेलं नाही.

कुसुम


वाल्डॉर्फ, ३ फेब्रुवारी

नंदिनी,

तू उर्जाला फोन करून ‘काकूंची तब्येत बरी नाही, त्यांच्या मेसेजना उत्तर देऊ नकोस’ म्हणालीस. तिने ते लगेच मला कळवलं. पोर तुझ्यापेक्षा सरळ आहे.

पंधरा दिवस मी खोली आणि खरं, खोली आणि खरं, असं तोलत बसले होते. मग वाटलं, ज्या बाईचं नाव आहे तिला कोणी विचारलंच नाही. तूही नाही, मीही नाही. उर्जाने शाळेतल्या मास्तरांना घेऊन एस्नातला सगळं सांगितलं. तिच्या नावाने इथे आलेल्या एकोणीस पत्रांतली चार वाचून दाखवली.

उर्जा म्हणते, आधी ती हसली. लायसनला हाक मारून म्हणाली, “ये, बघ, तू मेलास.” तो म्हणाला, “कधी?” अंगणभर सगळे हसले. मग तिने मास्तरांना ते पुन्हा सांगायला लावलं, आणि उठून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने निरोप दिला:

“गिरणी समितीची मी अध्यक्ष आहे. जागा मी मिळवली, मुखियाशी मी भांडले. विटा आम्ही बायकांनी भाजल्या. यातलं तुमच्या पत्रात काही नाही. त्यात मी नुसती रडते. माझ्या नवऱ्याला मारायला तुम्हाला कोणी सांगितलं? खोली आम्हाला हवी आहे. पण तो जिवंत आहे असं सांगा आणि मग मागा. नाही मिळाली तर आम्ही अजून थोड्या विटा भाजू.”

मी सभेला येते आहे. तुला आधी कळवते, कारण मला कोणाच्या पाठीमागे काही करायचं नाही. तू स्वतः उठून सांगितलंस तर मी बोलणार नाही.

कुसुम


वाल्डॉर्फ, २३ फेब्रुवारी

नंदिनी,

तू मध्येच उठून गेलीस, म्हणून पुढचं लिहिते. दारातून तू वळून पाहिलंस ते मला दिसलं होतं.

मी तुझी वाट पाहिली. अहवाल झाला, फोटो झाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “कोणाला काही बोलायचं आहे?” असं विचारलं तेव्हा तू तुझ्या कागदांकडे बघत होतीस. मी मनात वीसपर्यंत मोजले. मग उभी राहिले.

एस्नातचा निरोप मी आधी तिच्या शब्दांत वाचला, मग पत्रांचं सांगितलं. तुझ्याबद्दल कमीत कमी बोलले. तू तोंडावर हात ठेवलास आणि गेलीस.

मग विनय उठला, तुमच्या बॉनचा. “काकू, पण तुम्हीच तर ती वाचत होतात. तुमचा आवाज भरून यायचा. आम्हाला कसं कळावं, तुम्हाला आधी माहीत नव्हतं म्हणून?”

त्याचं बरोबर होतं. तेव्हा मी तेही सांगितलं जे तुलाही माहीत नाही. पत्रात नसलेली वाक्यं मी वाचताना घालत होते. ‘तिन्हीसांजेला ती एकटी उंबऱ्यावर बसते’, हे कुठल्याच पत्रात नाही. ते माझं. पहिल्यांदा चुकून तोंडून गेलं, समोरच्या एका बाईने डोळे पुसले, मग मी दर वेळी म्हणायला लागले. लोक ऐकत होते, नंदिनी. या देशात एकोणीस वर्षांत माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं. ह्यांच्या ऑफिसच्या पार्ट्यांत मी कोपऱ्यात ज्यूसचा ग्लास धरून उभी असायचे. माइक हातात आला की मी दुसरीच बाई व्हायचे. तेव्हा तमांडा हसली त्या दिवशी मला पहिली भीती कशाची वाटली असेल? एस्नातची नाही. माइक जाईल याची वाटली.

हे बोलून मी बसले. एक जर्मन आजोबा उठून कोट घालून निघून गेले. बाकीचे तासभर भांडले. ठराव नामंजूर झाला नाही, पुढे ढकलला. एकतीस सभासदांपैकी नऊ जणांनी नाव काढून घेतलं. बाजारात फॉर्म भरलेल्या दोघींपैकी एकीने माघार घेतली, दुसरीने विचारलं, “एस्नात खरंच मुखियाशी भांडली का?” मी म्हटलं, “गेनाऊ. अगदी खरं.” ती म्हणाली, “मग मी जाते.”

तुझ्या जागेवर सध्या कोणी नाही. विनय पत्रव्यवहार बघतो. मला अध्यक्ष व्हा म्हणाले. मी नाही म्हटलं.

परत येताना ट्रेनमध्ये मानहाइमपर्यंत रडले. खोलीसाठी नाही आणि ह्यांच्यासाठीही नाही. काही झालं की मला तुला फोन करायची सवय आहे, आणि हात पर्समध्ये गेला होता.

कुसुम


वाल्डॉर्फ, १७ मे

नंदिनी,

तुझ्या तीन चिठ्ठ्या आणि तुझ्या आईच्या हातचं मेतकूट मिळालं. तू लिहितेस, ‘माझी बाजू कधीतरी समजून घे.’ ती समजली म्हणूनच लिहिते आहे, ते एकदा तुला सांगायला हवं.

आज चौकात शतावरीचा बाजार होता. मी आपला स्टँड लावला. फलकावर एस्नात, लायसन आणि त्यांची चार मुलं, गिरणीसमोर. वर लिहिलं आहे: ‘एस्नातला बाळंतिणींसाठी खोली हवी आहे.’ तमांडा सुट्टी काढून बरोबर आली होती. तिने केलेली मक्याची भाकरी लोकांनी चाखली, चांगली म्हणाले आणि शतावरी घ्यायला गेले.

एक म्हातारे गृहस्थ फलकासमोर बराच वेळ उभे होते. मग मला विचारलं, “या बाईचं कोणी गेलं आहे का?”

मी म्हटलं, “नाही. सगळे बरे आहेत.”

“मग यात दुःखाचं काय आहे?”

“काही नाही. खोली हवी आहे.”

त्यांनी मान हलवली, जरा ओशाळले आणि गेले. तमांडा म्हणाली, “कुसुम, मी भुईवर पडून रडू का थोडी?” आम्ही दोघी हसलो. पण चार तासांत पेटीत जे पडलं त्यात एक दारसुद्धा यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी याच चौकात, याच दिवशी, एस्नातचं सातवं पत्र वाचून आपण गिरणीच्या छपराचे पत्रे मिळवले होते.

तेव्हा तू म्हणालीस ते खरं आहे. लोक विधवेला देतात. मी सहा तारखेला त्यावर तुला उलट काही बोलू शकले नाही, आजही शकत नाही. खोली यंदाच्या पावसाआधी होणार नाही. भिंती कमरेपर्यंत आल्या आहेत. नोव्हेंबरात पाऊस लागेल, त्या बायका चौदा किलोमीटर चालतील, आणि त्यांच्यातल्या कोणाचं काही बरंवाईट झालं तर ते मी उभी राहिले म्हणून झालेलं असेल. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. हे मी एस्नातला कळवलं. तिने उत्तर पाठवलं नाही. विटांचा फोटो पाठवला.

आता तुझं. तू लिहितेस, ‘मी तुझ्यावर प्रेम केलं म्हणूनच लिहिलं.’ असेल. पण एस्नात होऊन तू मला एकोणीस वेळा बहीण म्हणालीस. नंदिनी म्हणून तू माझ्या स्वयंपाकघरात बसलीस, ओव्याचं ऐकलंस, आणि एवढंही म्हणाली नाहीस की ताई, तुझी चूक नव्हती. तेव्हा म्हणाली असतीस तर कदाचित मला ऐकू आलं नसतं. पण ते तुझं असतं. आज ते शब्द मला आठवतात, पाठ आहेत, आणि कोणाचे म्हणून धरायचे ते कळत नाही.

तू पुढच्या आठवड्यात येऊ का विचारलंस. नको येऊस. मेतकूट मी खाल्लं, चांगलं आहे. आईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांनी विचारलं मी का येत नाही, तर त्यांना खरं सांग.

कुसुम